चौथ्या चाकाची नळी

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. पण आधीच सांगून ठेवतो, कुणी हळहळावं म्हणून मी बोलायला बसलेलो नाही. माझ्या अंगावर गंजाचे डाग आहेत, बोटांनी आवळायच्या माझ्या एका चिमटीनटाचा अर्धा कान तुटलेला आहे, आणि माझ्यावर कोरलेले आकडे आता बोटाने चाचपूनच वाचावे लागतात. असू देत. पहिल्या दिवशी जे काम मला येत होतं ते आजही येतं, आणि ते मी अर्धवट करत नाही.

काम कोणतं, ते ऐका. मोटारीत ब्रेकवर पाय दिला की पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत पोचतो. हे तेल करंगळीहून बारीक अशा पोलादी नळ्यांमध्ये भरलेलं असतं. नळी जिथे जोडायची तिथे तिचं तोंड कर्ण्यासारखं फुलवावं लागतं, म्हणजे नट आवळल्यावर ते घट्ट बसतं आणि तेलाचा थेंबही बाहेर येत नाही. ते तोंड फुलवणारा मी. माझ्या दोन पोलादी पट्ट्या आहेत आणि त्यांच्यात लहानमोठी भोकं. नळी भोकात धरायची आणि पट्ट्या आवळायच्या. वर खोगिरासारखी कमान, कमानीत मळसूत्र, मळसूत्राच्या टोकाला शंकू. शिवाय बटणाएवढे ठसे. ते पाच होते, त्यातला एक हरवला.

आधी ठसा ठेवून दाबलं की नळीचं तोंड बेडकाच्या गळ्यासारखं फुगतं. मग ठसा काढून नुसत्या शंकूने दाबलं की तीच कड आत वळते आणि स्वतःवर निजते. ही झाली दुहेरी घडी. ठसा न लावता एकदम शंकूच दाबला तर एकेरी घडी होते. दिसायला तीही गोजिरी असते. पण ब्रेकचा दाब तिच्यावर आला की कधी ना कधी ती उभी चिरते, आणि तेव्हा गाडी बहुधा उतारावर असते. म्हणून एकेरी घडीशी माझं वैर आहे. ते मी लपवत नाही.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या एका कारखान्यात झाला. लालभडक तापवून मला तेलात बुडवलं, तेव्हाचा तो चर्र आवाज मला अजून आठवतो. तिथून मी ऑकलंडच्या एका गॅरेजात गेलो आणि तिथे मला आपेरामो भेटले. सामोआहून आलेला हा धिप्पाड, हळू बोलणारा माणूस बारा वर्षं तिथे गाड्यांखाली पाठीवर पडून होता. गावी परतायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी टीव्ही बांधले, आपेरामोंनी मला बांधलं. मालकाकडून मागून घेऊन, लुंगीत गुंडाळून, बायबलच्या शेजारी मला पेटीत ठेवलं. अशा शेजाराने मी उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरलो, याचा मला अभिमान आहे.

गावच्या ख्रिस्ती देवळाला लागून आपेरामोंची पत्र्याची शेड उभी राहिली. समोर समुद्र, मागे फणसासारख्या फळांचं ते ब्रेडफ्रूटचं झाड. इथला खारा वारा नळ्यांचा काळ आहे. वरून रंग साबूत दिसतो, आणि नखाने खरवडलं तर आत नुसती भुकटी. त्यामुळे मला काम कधी कमी पडलं नाही.

आपेरामो रविवारी देवळात प्रवचनाला उभे राहायचे. पगारी पाद्री नव्हेत ते, हौसेचे आणि भक्तीचे. बोलता बोलता त्यांचा आवाज चढायचा, शब्द लांबायचे, आणि कुठल्या क्षणी बोलणं संपून गाणं सुरू झालं ते ऐकणाऱ्याला कळायचंच नाही. मग सगळं देऊळ खालून सूर धरायचं. पत्र्याच्या भिंतीपलीकडे मी फळीवर पडून हे ऐकायचो, आणि माझं पोलादसुद्धा बारीक थरथरायचं. सोमवारी त्याच सुरात ते माझं मळसूत्र फिरवायचे. एक ओळ, अर्धा फेरा. एक ओळ, अर्धा फेरा. घाई नाही. लोक म्हणायचे, आपेरामोची नळी गाडीपेक्षा जास्त जगते. मी हे ऐकून फुगत नसे, असं म्हणालो तर खोटं होईल.

मग ते गेले. त्यांची मुलगी फुआतिनो तेव्हा ऑकलंडमध्ये गाड्यांच्याच कामावर होती. ती परतेपर्यंत तीन वर्षं शेड तिचा चुलतभाऊ लोटोमाऊ बघत होता. लोटोमाऊ मनाने वाईट नाही. पण त्याने माझ्या पट्ट्यांनी नारळ फोडले, वाऱ्यावर दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्यात ठेवलं. माझा पाचवा ठसा त्याच काळात वाळूत गेला. नळी गळू लागली की लोटोमाऊ ती पकडीने चेमटवायचा, दुमडायचा आणि वर हातोडीचे दोन घाव घालायचा. तेल अडायचं. त्या चाकाचा ब्रेकही कायमचा अडायचा. मी उंबऱ्यातून बघत होतो. मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो, ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

फुआतिनो आली आणि पहिल्याच दिवशी तिचा पाय मला अडखळला. तिने मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि रॉकेलच्या डब्यात बुडवलं. संध्याकाळी माझं मळसूत्र पुन्हा फिरू लागलं. बाई गाड्या दुरुस्त करते म्हणून गावाने सुरुवातीला पुष्कळ चेष्टा केली. स्कर्टला ग्रीस लागलं की नवरा घसरून जाईल, असंही कुणी म्हणालं. गाड्या मात्र तिच्याकडेच येऊ लागल्या.

आता ज्या दिवसासाठी मी बोलायला बसलो, तो सांगतो.

डोंगराच्या पलीकडच्या गावात नवं देऊळ उभं राहिलं होतं आणि शनिवारी त्याचा सोहळा होता. आपल्या गावचे सतरा गायक तिथे गाणार होते. गायकांची व्हॅन लोटोमाऊ चालवणार. शुक्रवारी दुपारी त्याने ती शेडमध्ये आणली, पायाखाली ब्रेक जरा मऊ लागतोय एवढंच म्हणाला, आणि झाडाखाली लवंडला. फुआतिनो गाडीखाली गेली. मागचं डावं चाक आतून तेलाने ओलं होतं. चाकाकडे जाणारी नळी दुमडून ठोकलेली होती आणि त्या दुमडीतून तेल पाझरत होतं.

"हे कुणी केलं?" तिने खालूनच विचारलं.

"मीच. दोन महिने झाले. अजून तीन चाकांना ब्रेक आहेत की."

"आणि चौथ्याला काय रजा दिलीस?"

लोटोमाऊ हसला. ती हसली नाही. डोंगर ओलांडायच्या घाटात एकीकडे कडा आहे, एकीकडे दरी. तीन चाकांचा ब्रेक जोरात दाबला तर गाडी एका अंगाला ओढते. आणि ती दुमड सुटली तर तिन्हीही हातचे जाणार. त्या सतरा जणांत फुआतिनोची आई मेरिपाही होती.

नळीचं भेंडोळं संपत आलं होतं. शेवटचा हातभर तुकडा उरला होता, मापाला अगदी काठावर. राजधानी अपियातल्या दुकानांतही या मापाची नळी संपलेली, जहाज मंगळवारी येणार. फुआतिनोने तो तुकडा कापला, कानशीने तोंड घासलं, पहिला नट नळीवर ओवला आणि माझ्याकडून पहिलं टोक करून घेतलं. सुरेख झालं. मग दुसरं टोक घासलं. हात मोकळे नव्हते म्हणून दुसरा नट तिने ओठांत धरला होता.

इथे लक्ष द्या, मित्रांनो. नट आधी नळीवर ओवावा लागतो. एकदा दोन्ही तोंडं फुलली की नट नळीवर चढवायला वाट राहत नाही.

आणि नेमका तेव्हाच शंख वाजला.

आमच्या गावात दिवस कलताना शंख वाजतो. तो वाजला की रस्त्यावरचा माणूस जिथल्या तिथे थांबतो, गडीमाणसं रस्त्याच्या कडेला राखणीला उभी राहतात, आणि घराघरात चटईवर बसून प्रार्थना म्हटली जाते. हातातलं काम कितीही मोठं असो, ते खाली ठेवायचं. फुआतिनोने ठेवलं. घरी जाऊन ती आईशेजारी बसली. स्तोत्र सुरू झालं. तोंडात नट धरून देवाचं नाव कसं घेणार? तिने तो काढून चटईवर ठेवला आणि गाऊ लागली. तिचा सूर मला शेडपर्यंत ऐकू येत होता. बापाचाच गळा. प्रार्थना संपेपर्यंत अंधार पडला, म्हणून उरलेलं काम सकाळवर गेलं.

सकाळी ती आली तेव्हा घाईगर्दी होती. सोहळ्यासाठी नऊला निघायचं होतं आणि लोटोमाऊ सातपासूनच कपडे करून भोवती घुटमळत होता. तिने नळीकडे पाहिलं. नळीवर एक नट दिसला आणि तिचं समाधान झालं. तो पहिल्या टोकाचा होता. तिने दुसरं टोक माझ्या पट्ट्यांत आवळलं.

मला कळलं होतं. मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी जमेल तेवढा अडलो, मळसूत्र करकरवलं. तिने मला तेलाचा थेंब घातला आणि फिरवत राहिली. ठसा, मग शंकू. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या घड्यांपैकी ती एक होती, आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

तिने पट्ट्या सोडल्या तेवढ्यात मेरिपा आली. मूठ पुढे करून म्हणाली, "हा तुझा का गं? चटई गुंडाळताना स्तोत्राच्या पुस्तकाखाली सापडला."

फुआतिनोने नटाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि जमिनीवरच बसली. तोंड कापून नट घालावा तर नळी दोन बोटं तोकडी पडणार. दुसरा तुकडा नाही. लोटोमाऊने लगेच पकड पुढे केली. म्हणाला, जुनी नळीच पुन्हा नीट दुमडून ठोकू, आजचा दिवस निघेल.

याच वेळी तुइलोमा आपल्या पिकअपमधून उतरले. तुइलोमा हे आमच्या गावचे वक्ते. परगावी गावाच्या वतीने तेच काठी टेकून उभे राहतात आणि बोलतात. पांढराशुभ्र सदरा, काळी लुंगी, खांद्यावर वक्तेपणाची खूण म्हणून चवरीसारखा केसाळ झुपका. मागे झाडाखाली गायक जमले होते, पांढऱ्या पोशाखात. फुआतिनोने सरळ सांगून टाकलं की चूक तिची आहे, आणि गाडी निघणार नाही.

तुइलोमांना हे ऐकायची सवय नव्हती. पलीकडच्या गावात पहाटेच मेजवानीच्या भट्टीचे दगड तापले असतील, डुकरं आत गेली असतील, पाहुणे वेळेवर पोचले नाहीत तर गावाची मान खाली जाईल, असं त्यांनी बरंच ऐकवलं. मग ते म्हणाले, "तुझ्या बापाच्या वेळी इथून गाड्या वेळेवर निघायच्या."

"हो. आणि थांबायच्याही."

तुइलोमांनी लोटोमाऊला व्हॅनची किल्ली घ्यायला सांगितलं. पण फुआतिनोने मला माझ्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, किल्लीही त्यातच टाकली, झाकण लावलं आणि डब्यावर बसली. आत मी आणि किल्ली. वर ती. तुम्हाला सांगतो, माझ्यावर एवढा भार कधीच पडला नव्हता, आणि तो मला कधी इतका हलकाही वाटला नव्हता.

"पोरी, ऊठ," तुइलोमा म्हणाले. "लोटोमाऊने दोन महिने चालवलीच ना? तीन चाकं पुरतात."

"पुरतात?"

"पुरतात म्हणून सांगतोय."

"मग तुमची पिकअप तीन चाकांवर ठेवा. मागच्या वर्षी मीच तिला नवी नळी घातलीय. माप हेच, चार बोटं लांबच आहे. ती काढून द्या, व्हॅन तासाभरात तयार करते."

तुइलोमांनी पिकअपकडे पाहिलं. घाटाकडे पाहिलं. त्या पिकअपवर त्यांचा किती जीव, ते गावाला माहीत होतं. रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने तिची काच पुसायचे.

मेरिपाने हळूच म्हटलं, "द्या हो, तुइलोमा. आम्ही सतरा जण आहोत. त्यात तुमच्या दोन सुना."

"आणि मी कसा येऊ?"

"आमच्यातच," फुआतिनो म्हणाली. "पुढे बसा, हवा लागेल."

त्यांनी खिशातून पिकअपची किल्ली काढून तिच्या हातात दिली. मोठी माणसं हरतात तेव्हा अशीच गप्प हरतात, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो.

पिकअपचे नट वेगळ्या आट्यांचे होते, म्हणून तिच्या नळीची दोन्ही टोकं कापावी लागली. कटरचा पहिला फेरा फिरला तेव्हा तुइलोमांनी तोंड फिरवलं. फुआतिनोने व्हॅनचे दोन्ही नट नळीवर ओवले, एकमेकांकडे पाठ करून, आणि माझ्याकडे वळण्याआधी आईला विचारलं, "नट किती?"

"दोन."

"पुन्हा बघ."

"अगं बाई, दोन."

गायक हसले. मग तिने माझं मळसूत्र धरलं आणि गुणगुणू लागली. बापाची चाल होती ती. एक ओळ, अर्धा फेरा. झाडाखालून कुणीतरी खालचा सूर दिला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सतरा गळ्यांनी ते गाणं उचललं. मित्रांनो, मी देवळाच्या भिंतीबाहेर आयुष्य काढलं. पण त्या सकाळी देऊळ चालत माझ्याकडे आलं होतं. मी दोन घड्या घातल्या, दोन्ही दुहेरी, कड कुठे चिरली नाही, तिरकी गेली नाही.

नळी बसवल्यावर तेलात अडकलेली हवा काढावी लागते. त्यासाठी एकाने ब्रेकवर पाय दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाकापाशी तेल सोडायचं. लोटोमाऊ चाकापाशी वाकला. गायक अजून गाण्यातच होते, पाय द्यायला मोकळं माणूस उरलं ते एकच. तुइलोमा पांढऱ्या सदऱ्यात चालकाच्या जागी बसले.

"दाबा," फुआतिनो म्हणाली. "धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका म्हटलं ना. आता सोडा. पुन्हा दाबा."

सगळ्या गावाला उभं करणारा आणि बसवणारा माणूस ती म्हणेल तसा पाय हलवत होता. शेवटचा बुडबुडा निघून गेला, तेल सलग आलं, आणि तुइलोमा स्वतःच म्हणाले, "आता दगडासारखा लागतोय."

निघायला साडेदहा झाले. फुआतिनोने मला डब्यासकट सीटखाली घेतलं. घाट चढताना सगळे गात होते. उतार लागल्यावरही गात होते. तुइलोमा पुढे बसून दर वळणाला आपला पाय जमिनीवर दाबत होते. निम्मा घाट उतरलो असू, तेव्हा एका वळणापलीकडे नारळांनी भरलेला ट्रक रस्ता अडवून आडवा उभा होता, त्याचं चाक गटारात. लोटोमाऊने ब्रेक दाबला. पूर्ण दाबला. मी सीटखाली हातभर पुढे सरकलो. व्हॅन डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही. सरळ थांबली. ट्रकच्या नारळाला हात लावता येईल, एवढ्यावर.

गाणं तुटलं होतं. लोटोमाऊचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग तो मागे न बघता म्हणाला, "फुआतिनो, ती पकड मी समुद्रात टाकतो."

"टाकू नकोस," ती म्हणाली. "खिळे काढायला लागेल."

पलीकडच्या गावात पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. यजमान सावलीत ताटकळत बसले होते. मोकळ्या मैदानावर तुइलोमा काठी टेकून उभे राहिले. वक्त्यांच्या भाषणात पूर्वजांची नावं असतात, लांबलचक माफी असते. त्यांनी त्यातलं काही लगेच म्हटलं नाही. ते म्हणाले, "आम्ही उशिरा आलो. सगळे आलो." मग काठी या हातातून त्या हातात घेतली आणि रीतीप्रमाणे भाषण सुरू केलं. त्या दिवशी आमचे सतरा जण कसे गायले ते मी सांगत नाही. मला शब्द पुरत नाहीत, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना सांगायची गरज नाही.

मंगळवारी जहाजातून नवं भेंडोळं आलं. तुइलोमांची पिकअप रांगेत तिसरी होती, तिसरीच झाली.

एवढं सगळं झाल्यावर माझं मोठं कौतुक झालं. आणि तिथेच माझ्यावर खरं संकट आलं. गावात ठरू लागलं की आपेरामोंची आठवण म्हणून मला देवळाच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवावं, खाली नाव लिहावं, आणि फुआतिनोला ऑकलंडहून नवं यंत्र मागवून द्यावं. मंडळी प्रेमानेच म्हणत होती. फुआतिनोने ऐकून घेतलं आणि विचारलं, पेटीत याला तेल कोण घालणार? तिने मला उचलून पुन्हा फळीवर ठेवलं.

मित्रांनो, नवं यंत्र येऊ दे. त्याच्याशी माझं भांडण नाही. तेही दुहेरी घडी घालत असेल तर आम्ही भाऊ आहोत. पण मला पेटीत घालू नका. हार नको, नाव नको. काम झालं की फडक्याने पुसा, मळसूत्रावर तेलाचा एक थेंब सोडा, ठसे मोजून ठेवा. वर्षातून दोनदा आपापल्या गाडीखाली वाका, प्रत्येक नळीवर नख फिरवून बघा. आणि जी नळी भुकटी झाली असेल ती माझ्याकडे घेऊन या. शंख वाजला की मी थांबेन. तो संपला की मी पुन्हा सुरू करेन.